मणदूरची मुक्कामी गाडी

पहाटे पावणेपाच

मुक्कामी गाडीच्या माणसांसाठी मणदूरकरांनी एक खोली दिली आहे. दोन खाटा, एक बल्ब, खिळ्याला अडकवलेलं कॅलेंडर. पौषातली थंडी पडली की शेजारच्या घरातल्या आक्का आमच्या आधी उठून चूल पेटवतात आणि हंडाभर पाणी चढवतात. "मास्तर, पानी तापलंय, उटा," एवढं सांगून त्या गोठ्यात जातात. पैसे विचारले तर रागावतात.

मी इस्लामपूरचा, एसटीत वाहक. आमच्या भागात वाहकाला मास्तरच म्हणतात. माझ्याबरोबरचे चालक वयानं मोठे आहेत, त्यांना मी आबा म्हणतो. आबांचं पहिलं काम म्हणजे बॅटरी घेऊन गाडीखाली वाकून बघणं. रात्री कुत्री गाडीखाली निजतात. कधी वासरूही येऊन बसतं. मग पुढची काच. जलाशयावरून येणाऱ्या धुक्यानं ती इतकी ओली झालेली असते, की फडकं पिळून पुन्हा पुसावी लागते.

वारणावती, म्हणजे चांदोली धरणाची वसाहत, इथून जवळच. तिथं आमच्या जिल्ह्याचा रस्ता संपतो. पुढं वसंतसागराचं पाणी, पाण्यापलीकडं राष्ट्रीय उद्यानाचं रान, आणि रानाच्या कडेला सह्याद्री तुटून खाली कोकणात उतरतो. प्रचितगडावर उभं राहिलं तर पायाशी संगमेश्वर तालुक्यातलं शृंगारपूर दिसतं. त्याच डोंगरात वारणा उगम पावते. ती सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते तोवर तिच्या एका काठाला सांगली जिल्हा आणि दुसऱ्या काठाला कोल्हापूर. नदीच्या वरच्या अंगाचा, तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेला हा शिराळा तालुका मला लहानशा डोंगरी देशासारखा वाटतो. त्याला स्वतःचा पाऊस आहे, स्वतःचं धान्य आहे, स्वतःचा इतिहास आहे, आणि खालच्या मुलखाशी त्याची गाठ बांधणारा एकच मोठा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून पहाटे सगळ्यांत आधी खाली उतरते ती आमची गाडी.

पावणेसहा

आक्कांनी दिलेला कोरा चहा पिऊन मी मशीन सुरू करतो. वेबिलावर नंबर टाकतो, बॅगेतले सुट्टे मोजतो. इथं रेंज नाही, त्यामुळं क्यूआर दाखवायचा प्रश्नच नाही. चरणच्या खाली उतरेपर्यंत सगळा व्यवहार रोखीत चालतो. दहाच्या नोटा आणि नाणी आदल्या दिवशी इस्लामपुरातून मागून आणावी लागतात, नाहीतर पहिल्या थांब्यावरच उधारी सुरू होते.

पहिल्या थांब्यावरचे लोक ठरलेले असतात. आरळ्याच्या शाळेत शिकणाऱ्या तीन पोरी, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेल्या. शिराळ्याला आयटीआयला जाणारा एक पोरगा. मुंबईला परत निघालेला कुणीतरी चाकरमानी, त्याच्याबरोबर तांदळाचं पोतं आणि त्याची आई. आई गाडीत बसत नाही, खिडकीशी उभी राहते. या तालुक्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली. आधी गिरणीत, गिरण्या बंद पडल्यावर माथाडीत, मशीद बंदरला आणि वाशीच्या बाजारात. घरातला एक जण मुंबईत आणि बाकीचे इथं, ही इथल्या संसाराची जुनी घडी. पोतं मागं टाकायला मी हात लावतो. तांदूळ कुठल्या वावरातला, कधी कांडला, हे आई मला सांगते. लेकाला तिनं ते आधीच सांगितलेलं असणार.

आज एका खाटेसाठीही जागा करावी लागली. खुंदलापूरच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या बाबांचा पाय मोडलाय. चार माणसांनी त्यांना बाजेवरून रस्त्यापर्यंत आणलं. बाजेसकट आत घेता येत नाही. मागची लांब सीट रिकामी करून बाबांना त्यावर निजवलं. पंच्याहत्तरीच्या पुढचे असल्यानं त्यांना तिकीट नाही, शून्य रुपयाचं काढायचं. २०२२ पासून तशी सवलत आहे. मुलानं आधार कार्ड पुढं केलं. "ठेव रं ते, दिसतंय की मला," मी म्हणालो, पण वय मशीनला सांगावं लागतं, म्हणून कार्ड बघितलंच.

सोनवड्याकडं उतरताना डावीकडच्या झाडीत गवे दिसले. आबांनी दिवे बारीक केले आणि गाडी उभी केली. पाच मिनिटं गेली, कुणी कुरकुर केली नाही. गव्याला हॉर्न द्यायचा नसतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

या रानात पूर्वी गावं होती. झोळंबी, गोठणे, रुंदीव. १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश केला, त्यातही चांदोली आहे. या प्रत्येक पायरीवर माणसं खाली सरकत गेली. काही धरणासाठी उठली, काही जंगलासाठी. खाली सपाटीला वसाहती झाल्या. त्यांच्या जमिनीसाठी कासेगावच्या भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलानं वर्षानुवर्षं लढे दिले. आमच्या गाडीत कधीमधी अशा वसाहतीतला एखादा वयस्कर माणूस बसतो. मणदूरपर्यंत येतो, पाण्याकडं तोंड करून थोडा वेळ बसतो आणि परतीच्या गाडीनं जातो. तिकीट काढताना "कुठं?" विचारलं की गाव सांगतो ते पाण्याखालचं. मी मणदूरचं तिकीट देतो.

सव्वासहा ते सात

आरळ्यात गाडी भरते. नदीवरच्या पुलापलीकडं शित्तूर, म्हणजे शाहूवाडी तालुका, कोल्हापूर जिल्हा. जिल्हा वेगळा असला तरी सोयरीक, दवाखाना, बाजार सगळं आरळ्यालाच. वारणेच्या काठाला ही गावं जोडीजोडीनं बसली आहेत: आरळा आणि शित्तूर, चरण आणि सोंडोली, कोकरूड आणि रेठरे. पावसाळ्यात कोकरूडचा बंधारा पाण्याखाली गेला, की समोर दिसणाऱ्या गावाला जायला मोठा वळसा पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर नदीनं खालपर्यंत हाहाकार केला होता.

इथला पाऊस समजायला सांगली जिल्ह्याचा नकाशा समोर हवा. पूर्वेला जत आणि आटपाडीत वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तर लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. पश्चिमेला याच डोंगररांगेत, पाटण तालुक्याच्या हद्दीतल्या पाथरपुंजला अलीकडं राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या नोंदी होतात. एकाच जिल्ह्याचं एक टोक टँकरची वाट बघतं आणि दुसऱ्या टोकाला चार महिने कपडे वाळत नाहीत. म्हणून इथं भात पिकतो, तोही रोपं लावून नव्हे. मे महिन्याच्या अखेरीला कोरड्या मातीत कुरीनं भात पेरतात, त्याला धूळवाफेची पेरणी म्हणतात. वर ढग नाही, जमिनीत ओल नाही, पाऊस येणार या भरवशावर बी मातीत टाकलेलं. त्या आठवड्यात गाडीतल्या प्रत्येक माणसाची नजर पश्चिमेला असते.

पाणी इथं पडतं आणि इथंच साठतं. चांदोलीची क्षमता ३४.४० टीएमसी. त्या पाण्यावर खालचा ऊस उभा आहे. पण याच तालुक्याच्या उत्तरेकडची गावं उंचावर असल्यानं कोरडी राहिली. त्यांना पाणी द्यायला वाकुर्डे बुद्रुकची उपसा योजना करावी लागली. मला या गोष्टीचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. ज्या मुलखानं पाणी अडवायला आपली गावं दिली, त्याच्याच उंचावरच्या वाड्यांना पाणी सगळ्यांत शेवटी पोचलं.

शेडगेवाडी फाट्यावर कराडकडून येणारा रस्ता मिळतो. इथं दुधाच्या गाड्यांची गर्दी असते. कोकरूडला शाळेची पोरं चढतात आणि दंगा सुरू होतो.

सव्वासात, शिराळा

स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत नोंद करून मी बाबांना उतरवायला मागं गेलो. मुलानं रिक्षा आणून लावली होती. आबांनी आणि मी बाबांना खांद्यावर घेऊन रिक्षात बसवलं. बाबा एकच वाक्य परत परत म्हणत होते, "लय तसदी दिली तुमाला." तसदी कसली. या गाडीचं हेच काम आहे.

शिराळा म्हटलं की बाहेरच्यांना नागपंचमी आठवते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यावरचे न्यायालयाचे आदेश यांनी जिवंत नागांचं प्रदर्शन थांबलं, पण सण अजून मोठा आहे आणि त्या दिवशी आमच्या जादा गाड्या सुटतात. मला मात्र शिराळ्याची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १६८९ साली संभाजीराजांना संगमेश्वराला पकडलं आणि घाटावर आणलं. त्यांना शिराळ्याच्या भुईकोटाजवळ सोडवायचा प्रयत्न झाला, अशी इथं पिढ्यान्‌पिढ्यांची सांगण्याची रीत आहे. इतिहासकार त्याच्या पुराव्यांवर वाद घालतील. पण गावानं ती आठवण सोडलेली नाही, आणि स्टँडवर चहा पिणारा माणूसही ती आपल्या घरातली गोष्ट सांगावी तशी सांगतो.

समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे. दुसरा इस्लामपूरजवळ बहे इथं, कृष्णेच्या पात्रात. वरच्या मुलखातला एक आणि खालच्या मुलखातला एक. शनिवारी दोन्हीकडं जाणारे प्रवासी मला मिळतात.

पावणेआठ, पेठ नाका

शिराळा सोडलं की डोंगर हळूहळू मागं राहतात आणि ऊस सुरू होतो. जानेवारीत कारखाने जोरात असतात. चिखलीचा विश्वास कारखाना, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस इतका चढवलेला की मागची गाडी दिसत नाही. एक ट्रॉली कलंडली की अर्धा तास गेला. आज कलंडली नव्हती. पण एक टायर फुटून उभी होती आणि टोळीतली माणसं ऊस उतरवत होती. त्यांच्या बायका रस्त्याच्या कडेला चूल मांडून भाकरी थापत होत्या. आबांनी बाजूच्या कच्च्या पट्टीवरून गाडी काढली.

पेठ नाका हा त्या डोंगरी देशाचा उंबरठा. इथं पुणे–बंगळूर महामार्ग आडवा जातो. पूर्वी त्याला चार नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा नंबर ४८ आहे. मुंबईला जाणारा लेक इथं उतरतो. तांदळाचं पोतं खाली घेताना त्यानं मला नोट पुढं केली. "आईनं दिलीया, चहाला." मी ती त्याच्याच खिशात परत घातली.

आठ वाजून वीस मिनिटं, इस्लामपूर

स्टँडवर उतरलेले लोक कुठं जातात ते बघत बसलं, तर वरच्या मुलखाची गरज कळते. एक जण कोर्टात, जमिनीच्या तारखेला. दोघी सरकारी दवाखान्यात. पोरं कॉलेजात. एक जण बँकेत, कारण मुंबईहून पाठवलेले पैसे खात्यात आले की नाही हे फोनवर विचारून त्याचं समाधान होत नाही. बायका बाजारात. सगळ्यांचा एकच प्रश्न: "मास्तर, परत कधी सुटणार?"

आम्ही स्टँडसमोर पोहे खाल्ले. माझी नजर मात्र कचेरीच्या दिशेला गेली. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा आला होता, पोलिसांनी गोळीबार केला आणि किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे हुतात्मे झाले. आदल्याच दिवशी वडूजला गोळीबार झाला होता. त्यानंतर उघडा मोर्चा काढायचा रस्ता बंद झाला आणि लोक भूमिगत झाले. १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, सावकारांना आणि गुंडांना वेसण घातली, कमी खर्चात लग्नं लावून दिली. नाना इथलेच, वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे.

हे सरकार सपाटीवर उभं राहिलं, पण त्याला पाठीशी डोंगर लागला. पोलीस मागं लागले की कार्यकर्ते वारणेच्या वरच्या खोऱ्यात शिरत. डोंगरातल्या माणसांनी त्यांना भाकरी घातली आणि तोंड उघडलं नाही. मी ज्या गावी रात्री झोपतो त्या मणदूरच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग मारले गेले. नागनाथअण्णा नायकवडींनी वाळव्यात कारखाना उभा केला तेव्हा त्याला हुतात्मा किसन अहिर यांचं नाव दिलं. ऊस घेऊन जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीच्या पावतीवर ते नाव असतं. पावती खिशात घालणाऱ्या कितीजणांना मणदूर माहीत असेल, हा विचार पोहे खाताना माझ्या मनात येतोच.

साडेनऊ

दुसरी फेरी गुढे-पाचगणीची. परतीची गाडी भरायला सगळ्यांत जास्त बायका. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आमच्या गाड्यांचं रूपच पालटलं. आधी घरातला पुरुष खाली जाऊन सगळं आणायचा. आता सासू-सून दोघी येतात, भाव विचारतात, दोन दुकानं फिरतात, माहेरी डोकावतात. एक बाई मला म्हणाली होती, "मास्तर, अर्ध्या तिकिटानं अर्धी पंढरी झाली बगा." सवलतींवर कितीही वाद होवोत, मी रोज डोळ्यांनी बघतो त्यावरून मला वाटतं की हा पैसा वाया गेलेला नाही.

शिराळ्यानंतर बिळाशी फाटा येतो. १९३० साली जंगल कायद्याविरुद्ध बिळाशीच्या लोकांनी सत्याग्रह केला, गावात तिरंगा उभारला, तो काढायला आलेल्या पोलिसांना अडवलं आणि गोळ्या झेलल्या. रान कुणाचं, हा प्रश्न इथं तेव्हाही होता आणि आजही आहे. तेव्हा सरपण आणि चराईसाठी रान हवं होतं. आता रान जपायचं म्हणून गावं हलतात आणि बिबट्या उसात येऊन पिलं घालतो. गेल्या महिन्यात याच फाट्यावर एक पोरगा शाळेच्या गाडीची वाट बघताना हातात काठी आणि ताट घेऊन उभा होता. ताट वाजवायला. आई म्हणे रोज देते.

शेडगेवाडीवरून मेणी खोऱ्याकडं वळलं की रस्ता अरुंद होतो. येळापूर, मेणी, गुढे. गाडी एकेक वळण चढते आणि आबा बोलायचं थांबतात. समोरून पिकअप आली तर कुणीतरी मागं घ्यायचं, हे डोळ्यांनी ठरतं.

बारा, पठार

वर आलं की वारा. पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतात. एका पात्याची सावली गाडीवरून गेली की लहान पोरं खिडकीतून हात बाहेर काढून तिला धरू बघतात. पावसाळ्यानंतर इथल्या सड्यावर फुलं येतात. आता गवत पिवळं पडलंय आणि धनगरवाड्यांवरच्या म्हशी उतारानं चरतायत. इथून उत्तरेला पाटण तालुका. चांगलं ऊन असेल तर डोंगराच्या एकामागून एक ओळी दिसत जातात.

इथं कधीकधी जमीन हलते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर अजून काटा आणतो. वारणेचं धरण भरू लागल्यावर नव्वदच्या दशकात या बाजूलाही धक्के सुरू झाले. बारीक धक्का बसला की लोक बाहेर येतात, एकमेकांकडं बघतात आणि परत कामाला लागतात.

अर्धा तास थांबा असतो. भाकरी, चटणी, कांदा. आबांच्या डब्यात झुणका. एका आजीनं ताकाचा तांब्या आणला आणि पदराच्या गाठीतून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. "रक्तदाबाच्या हायत. मेडिकलमधी ह्येच दावा. पैसं हे घ्या." सत्तर रुपये, दहाच्या नोटांत, नीट घडी केलेल्या. पाकिटाच्या मागं गोळीचं नाव अर्धं फाटलेलं, म्हणून तिनं आरोग्य केंद्राचा केसपेपरही दुमडून आणला होता. त्यावर तारीख होती. चार दिवसांपासून गोळी संपलेली होती. मी केसपेपरचा फोटो काढला आणि पाकीट बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, पैशांच्या कप्प्यात नाही. हिशेबात मिसळलं तर दोन्हीकडं गोंधळ.

असली कामं वाहकाच्या कर्तव्यात लिहिलेली नाहीत. चष्मा दुरुस्तीला, पंपाची कपलिंग, शाळेचा दाखला, एकदा एका नवरीच्या बांगड्या. नियमानं पार्सल म्हणून नोंदवायचं ते मी नोंदवतो. गोळ्यांचं पाकीट मी नोंदवत नाही.

दोन वाजता, खाली येताना

परतीच्या वाटेवर शाळेच्या पोरी चढतात. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट पास असतो. त्या माझ्या मशीनला एक रुपयाही देत नाहीत, पण गाडी भरून टाकतात. मागच्या सीटवर एकीचं वाचन चाललं होतं, फकिरा. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे वाळवा तालुक्याचेच. वडिलांबरोबर ते मुंबईला चालत गेले होते. त्यांच्या पुस्तकांत वारणेचं खोरं, त्यातला सत्तू भोसले, दऱ्या, ओढे सगळं जिवंत आहे. मी त्या पोरीला विचारलं, "कुठवर आलीस?" ती म्हणाली, "काका, आताच सुरू केलंय, शेवट सांगू नगा."

एसटीत एक शब्द सगळ्यांना पाठ असतो: भारमान. किती सीट भरल्या, किलोमीटरमागे किती उत्पन्न आलं. पठारावरच्या फेरीचं भारमान कमी येतं. पासवाल्या पोरी, पंच्याहत्तरीचे बाबा, अर्ध्या तिकिटाच्या बायका. मशीनच्या कागदावर ही गाडी कधीच श्रीमंत दिसत नाही. सवलतीची भरपाई शासन देतं, तरीही असल्या फेऱ्या कमी करायची भाषा अधूनमधून निघते. माझं मत विचाराल तर साधं आहे. ही फेरी तोलायची असेल तर तिच्या पारड्यात त्या मागच्या सीटवरच्या पोरी टाका. गाडी बंद झाली तर पोरांना बाप मोटारसायकलवर सोडेल, पण पोरींची शाळा सुटेल. मी ते एका वाडीत घडताना बघितलंय. रस्ता खचला, पावसाळाभर गाडी आली नाही, आणि दिवाळीनंतर गाडी सुरू झाली तेव्हा दोन पोरी थांब्यावर आल्याच नाहीत. एकीचं लग्न ठरलं होतं.

खालच्या मुलखानं वरून पाणी घेतलं, वीज घेतली, मुंबईला राबणारे हात घेतले, गरज पडली तेव्हा लपायला जागाही घेतली. त्याच्या बदल्यात दिवसातून दोन वेळा डोंगर चढणारी गाडी ही मोठी मागणी नव्हे.

सव्वातीन, आगार

गाडी डेपोत लावून आबा वर्कशॉपमध्ये गेले. चढावर क्लच घसरतोय, ते लॉगशीटवर लिहून मेकॅनिकला तोंडीही सांगावं लागतं. मी कॅशला. वेबिल, मशीनमधला हिशेब, बॅगेतली रोकड, तिन्ही जुळली पाहिजेत. नाण्यांच्या चळती करायच्या. नोटा एका बाजूला तोंड करून लावायच्या. फाटकी नोट वेगळी. आज चार रुपये कमी निघाले. कुठल्या तरी थांब्यावर सुट्टे देताना गेले असणार. ते खिशातून भरले आणि सही केली.

पठाराच्या फेरीचं उत्पन्न कागदावर छोटंच दिसलं. कॅशियर काही बोलला नाही, मीही बोललो नाही.

सव्वाचार

मेडिकलमध्ये पाकीट आणि केसपेपरचा फोटो दाखवला. दुकानदारानं महिन्याच्या गोळ्या दिल्या. सत्तरमध्ये बसल्या नाहीत. वरचे मी घातले, ते पुढच्या खेपेला आजीला सांगेन, कारण न सांगता दिलेले तिला आवडायचे नाहीत.

संध्याकाळची मणदूर मुक्कामी गाडी फलाटाला लागली होती. आज त्यावर दुसरे मास्तर, नव्यानं बदलून आलेले, या रस्त्याला पहिल्यांदाच निघालेले. त्यांना मी चरणपासून रेंज जाते ते सांगितलं, सुट्टे पैसे पुरेसे घेतलेत का ते विचारलं, आणि सोनवड्याच्या पुढं गवे दिसले तर हॉर्न देऊ नका म्हटलं. आक्का पाण्याचे पैसे घेत नाहीत, तेव्हा जाताना त्यांच्यासाठी इथून अर्धा किलो साखर घेऊन जा, हेही सांगितलं. मग गोळ्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"शेडगेवाडी फाट्यावर एक पोरगा उभा असंल, लाल स्वेटर. आजी पठारावरची. त्याच्याच हातात द्या, दुकानात ठेवू नका. आणि तो नसला तर पाच मिनिटं थांबा."

"वेळ जाईल हो मास्तर."

"जाऊ द्या. तो वरून चालत येतोय."

त्यांनी पिशवी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि डबल बेल दिली.